टेलच्या पाण्यावर उभा राहिलेला साकव

नामदेवतात्यांच्या दहाव्याला माईक माझ्या हातात आला आणि मला काही बोलता आलं नाही. आमच्या भागात दहाव्याला बोलायची पद्धत आहे. एकीकडे विधी चाललेला असतो, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत घरचे उभे असतात, आणि दुसरीकडे मांडवात एकेक जण उठून श्रद्धांजली वाहत असतो. कारखान्याचे संचालक बोलतात, पतसंस्थेचे चेअरमन बोलतात, निवडणूक जवळ असेल तर जरा जास्तच जण बोलतात. सूत्रसंचालकाने "तात्यांचे जुने स्नेही, निवृत्त इंजिनीयर साहेब" म्हणून मला पुकारलं. मी उभा राहिलो, "तात्या" एवढंच म्हणालो आणि माईक परत दिला. मला जे सांगायचं होतं त्याला निदान अर्धा तास लागला असता, आणि ते कुठं बोलू नका म्हणून तात्यांनी मला बजावलं होतं.

आता तात्या नाहीत. या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या गेल्या, तेव्हा बाकीच्या आठवणी मागे सरकल्या आणि ही एकटी पुढे उभी राहिली. मी सावकाश लिहितो. मधेच थांबतो, एखादं पुस्तक उघडून चार पानं वाचतो, पुन्हा कागदाकडे येतो. तात्या गेल्यापासून तर जास्तच. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नव्वदच्या दशकात मी बांधकाम उपविभागात शाखा अभियंता होतो. आधी बारामती तालुक्यात, मग इंदापूर तालुक्यात. नातेवाइकांना वाटायचं, हा मोठे रस्ते नि पूल बांधतो. माझ्या वाट्याला प्रत्यक्षात आली ती गल्लीतली फरसबंदी, शाळेपर्यंतची पायवाट आणि ओढ्यानाल्यावरचे साकव. साकव म्हणजे माणसांनी चालत जायचा लहान पूल. त्याच्यावरून बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. माणूस, शेळी, आणि फार तर सायकल.

असल्या कामांना पैसा कसा मिळतो हे बाहेरच्या माणसाला सांगणं जरा अवघड आहे. सरकारी पैशाला आधी एक घर लागतं. त्याला आम्ही 'हेड' म्हणायचो. दवाखान्याचं हेड वेगळं, शाळाखोल्यांचं वेगळं, रस्त्याचं वेगळं. रस्त्याचं हेड वाहनांसाठी. जो माणूस पायी चालतो त्याचं स्वतःचं घर कुठंच नव्हतं. सायकलवाल्याचं तर नावही मी कुठल्या शासन निर्णयात वाचलं नाही, आणि आमच्याकडचं बरंचसं दूध त्या काळात सायकलला बांधलेल्या किटल्यांतूनच डेअरीला जात होतं. मग आम्ही या पायी माणसाला दुसऱ्यांच्या घरी पाहुणा म्हणून ठेवायचो. कधी रोजगाराच्या योजनेत, कधी आमदारांच्या निधीत, कधी साकवासाठी थोडी तरतूद यायची तिच्यात. सगळीकडे दोन प्रश्न विचारले जायचे. जागा कुणाची? आणि लोकांचा वाटा काय? लोकवाटा म्हणजे गावानं स्वतःहून द्यायचं ते. श्रमदान, मुरूम, दगड, काहीही. मार्चअखेर काम उभं राहिलं नाही तर पैसा परत जायचा, आणि परत गेलेला पैसा पुन्हा त्याच गावाला आलेला मी तरी पाहिला नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. पणदऱ्याकडे एका आळीत आम्ही चांगली काँक्रीटची पायवाट केली. महिन्याभरानं गेलो तर एका टोकाला म्हशी बांधलेल्या, मधे मिरच्या वाळत घातलेल्या, आणि लोक शेजारच्या चिखलातून पूर्वीसारखेच चाललेले. एका आजोबांना मी विचारलं, "वाटेवरून का नाही चालत?" ते म्हणाले, "एवढी चांगली जागा, पायाखाली घालवायची व्हय?" लोणी भापकरला एक अण्णा होते. शाळेकडे जाणाऱ्या वाटेसाठी त्यांनी आपल्या आवारातली पट्टी फुकट दिली. अट एकच, वाट त्यांच्या ओट्याला लागून गेली पाहिजे. नकाशात त्यामुळे एक वाकडं वळण आलं. उपअभियंत्यांनी विचारलं, हे कशासाठी? मी तांत्रिक कारण दिलं. खरं कारण अण्णांनी मला सांगितलं होतं, "घरात आता मी एकलाच हाय. येणारंजाणारं माणूस राम राम तरी घालंल." ते वळण अजून आहे.

आता फाट्याची गोष्ट.

सणसरच्या पुढे कालव्याचा एक फाटा उताराच्या शेतीकडे जातो. फाटा म्हणजे मोठ्या कालव्यातून काढलेला लहान कालवा. लहान म्हटलं तरी पाणी सुटलं की माणसाच्या छातीच्या वर. फाट्याच्या एका अंगाला गाव, हायस्कूल, डेअरी. दुसऱ्या अंगाला धनगरांची वस्ती. पूर्वी ही माणसं मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर असत; आता बहुतेकांनी मेंढरं कमी करून म्हशी घेतल्या होत्या, थोडं रान केलं होतं. वस्तीवर सातवीपर्यंत शाळा होती. पुढचं सगळं फाट्यापलीकडे. आणि फाटा ओलांडायला होते विजेचे दोन टाकाऊ सिमेंटचे खांब, शेजारी शेजारी आडवे टाकलेले. पक्का पूल होता, पण लांबच्या वळशाला.

या खांबांवर मला पहिल्यांदा कोंडाबाई भेटल्या. नऊवारी लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, आणि हातात सायकल. सायकल त्यांना चालवता येत नव्हती. त्या ती नुसती धरून चालत न्यायच्या. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. फाट्याशी आल्या की किटल्या सोडायच्या, एकेक डोक्यावर घेऊन खांबांवरून पलीकडे ठेवायच्या, मग पलीकडून येणाऱ्या एखाद्या गड्याला हाक मारायच्या, "ये दादा, एवढी सायकल आण रं." रोज सकाळी, रोज संध्याकाळी.

"आन् कुणी आलंच नाही तर?" मी विचारलं.

"मग ऱ्हाती पडून. दूध नासतं, सायकल काय नासत न्हाय."

त्यांची मुलगी मंदा सातवी पास झाली होती आणि घरी बसली होती. घरी बसण्याआधी दोन महिने हायस्कुलात गेली होती. फाट्याला पाणी असताना खांबावरून पाय घसरला. काठावरच्या माणसांनी तिला वर काढलं, दप्तर वाहून गेलं. त्या दिवसापासून कोंडाबाईंनी तिला पाठवलं नाही. वस्तीवरच्या बाकीच्या मुलीही तिच्यामागोमाग थांबल्या. कोंडाबाई म्हणाल्या, "सायेब, तुमी पूल बांधा, मी पोरगी धाडती. दुसऱ्या कुणाचं मला सांगता यायचं न्हाय, पर माझी जाईल."

असं सरळ कुणी कधी माझ्याशी बोललं नव्हतं. मी प्रस्ताव केला, तो फिरला, थांबला, परत आला, आणि एका वर्षी थंडी सरताना मंजुरी आली. रक्कम मागितली त्यापेक्षा कमी होती. फाट्यावरून एका झेपेत जाणारा साकव त्यात बसेना. मधे एक दगडी खांब घ्यायचा, त्याच्यावर लोखंडी तुळया टाकायच्या आणि तुळयांवर तयार फरश्या, असं मी बसवलं. रुंदी ठरवायला कोंडाबाईंना किटल्यांसकट सायकल धरून उभं केलं आणि टेप लावला. नमुन्याच्या नकाशातली रुंदी पुरेना.

"जरा आत सरका," मी म्हणालो.

"आता सायकलीसाठी मी बारीक व्हऊ का सायेब?" वस्तीवरची माणसं खो खो हसली. मी रुंदी वाढवली आणि खर्च बसावा म्हणून कठडा साधा केला.

मधला खांब फाट्याच्या पोटात उभा करायचा, म्हणजे फाटा कोरडा पाहिजे. कालव्याला पाणी सतत नसतं. ते आवर्तनानं येतं. काही दिवस सुटतं, मग बंद. दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत आमचा खांब झाला असता. गफूरभाई मिस्त्री चांगला माणूस, कामाला पक्का. पण खणायला लागलो तर मुरूम लागेना. काळी माती, तिच्याखाली आणखी काळी माती. गफूरभाई खड्ड्यातून वर बघून म्हणाले, "सायेब, हे नुस्तं लोणी हाय. ह्याच्यावर खांब ठिवला तर बसत बसत जाईल पंढरीला." अजून खाली गेलो. मुरूम लागला, तोवर हातातले दिवस गेले. पायाचं काँक्रीट झालं, दगडी बांधकाम गुडघ्याच्या वर आलं, आणि पाटकरी सायकलवरून आला. पाटकरी म्हणजे कालव्याच्या दारांची राखण करणारा माणूस.

"साहेब, निरोप आलाय. उन्ह वाढलं म्हणून आवर्तन अलीकडं घेतलंय. परवा पाणी सुटतंय."

ओल्या बांधकामावर तो प्रवाह आला असता तर सिमेंट धुऊन गेलं असतं आणि खांब आडवा झाला असता. मार्च संपत आला होता. दुसऱ्यांदा पैसा मिळणार नव्हता.

मी सिंचन शाखेच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. ते भले गृहस्थ. त्यांनी नकाशा पुढे ओढला. म्हणाले, "तुमच्या खांबाच्या वरच्या अंगाला फाट्यात फळ्या घालून पाणी अडवता येईल. वरच्या शेतकऱ्यांना मिळत राहील. खालच्यांना मात्र आवर्तनाच्या शेवटी, उरलं तर. खालच्यांनी लेखी दिलं तरच मी हे करू शकतो. त्यांचा हक्क पहिला आहे."

हे जरा उलगडून सांगायला हवं. फाट्याचं शेवटचं टोक म्हणजे टेल. वरचे शेतकरी पाणी घेतात, चोरतात, मोटारी टाकतात, आणि टेलला ओल सुद्धा पोचत नाही. म्हणून नियम असा की पाणी सुटलं की आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर यायचं. नियम कागदावर जुना होता. तो आमच्या फाट्यावर लागू झाला तो नामदेवतात्यांमुळे. तात्या टेलचे शेतकरी. माळी समाजातले, टमाटे, वांगी, दोडका करणारे, पुण्याच्या मार्केटला माल पाठवणारे. आठ वर्षं त्यांनी या पाण्याच्या नंबरासाठी अर्ज केले, हाफिसापुढे बसून राहिले, वरच्या लोकांशी भांडले, एकदा मारही खाल्ला. आता कुठे तीन-चार आवर्तनं त्यांना पहिलं पाणी मिळत होतं. साकवाच्या खाली रान होतं ते तात्यांचं आणि त्यांच्या दोन भावांचं. आणि तात्यांची जमीन गावाच्या बाजूला. त्यांना साकवाचा काही उपयोग नव्हता.

यापेक्षाही एक वाईट गोष्ट होती. तात्यांचं आणि धनगरवस्तीचं बोलणं बंद होतं. पूर्वी वस्तीवरची मेंढरं तात्यांच्या रानात बसायची. खतासाठी शेतकरी आपणहून मेंढरं बसवून घेतात, त्याबदल्यात धान्य देतात. एका वर्षी कळप बाजूच्या मेथीत शिरला. काढायला आलेली मेथी, सगळी गेली. तेव्हापासून तात्या वस्तीच्या वाटेला गेले नव्हते.

मी गेलो तेव्हा ते टमाट्याच्या सरीत बसून सुतळीनं झाडं बांधत होते.

"तात्या, एक मागायला आलोय."

"मागा की. वांगी हायती, दोडका हाय. पिशवी आणलीया का?"

"पाणी मागायला आलोय."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. त्यांनी टमाट्याच्या एका झाडाकडे बोट केलं. फुलं गळून हिरवी फळं धरली होती.

"ह्यो माल बघितला का? ह्याला आत्ता पाणी पायजे. शेवटी उरलं तर, ह्ये टेलच्या माणसाला सांगू नगा सायेब. शेवटी म्हंजी कदी न्हाय. आठ वर्सं मी त्येच ऐकलंय."

"खरं आहे."

"आन् सोडू कुणासाठी? ज्यांच्या मेंढरांनी माझी मेथी चरली त्यांच्यासाठी?"

त्यांनी मला पिशवीभर वांगी दिली. नको म्हटलं तरी दिली. मी मोपेडला पिशवी अडकवून परत आलो, गफूरभाईंना म्हणालो, "सामान आवरा."

कोंडाबाई तिथेच किटल्या घेऊन उभ्या होत्या. "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी सायकल गफूरभाईंच्या हातात दिली आणि फाट्याच्या कोरड्या पोटातून सरळ तात्यांच्या रानाकडे चालू लागल्या. मी मागून गेलो. बांधावर जाऊन त्या थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"तात्या, रानात यिऊ का? का अजून मेथी आठवती?"

तात्यांनी वर बघितलं नाही. "मेंढरं हायती का संगं?"

"न्हाईत. एकलीच हाय."

"तुझं एकलीचं त्वांडच कळपासारखं हाय. बोल तितनंच."

"आमची हीर हाय. फाटा कोरडा हाय तवर आडवा पाईप टाकू. इंजन आमचं, डिझेल आमचं. तुमच्या टमाट्याला आमी पाणी देतू."

"तुमची हीर! दोन म्हशी प्याल्या की तळ दिसतुया."

"दिसू द्या की."

"आन् तुझं कडवळ? त्याला काय पाजशील? वाळलं म्हंजी म्हशीला काय घालणार, माझं दोडकं?"

"घातलं तर खाईल की. तुमच्यावाणी नाक न्हाय मुरडायची."

आता तात्यांनी वर बघितलं. मला वाटलं, भडकणार. पण ते म्हणाले, "त्या खांबावरनं पडली ती तुझीच का?"

"व्हय. माझीच."

"शाळंत काय येत व्हतं तिला?"

"मला काय कळतंय? पर रोज वाचायची मोठ्यानं. मी धारा काढताना ऐकायची. आता न्हाय वाचत. पुस्तक व्हतं ते पाण्यात ग्येलं."

तात्या उठले, धोतराची माती झटकली आणि माझ्याकडे वळले. "लिवा सायेब काय लिवायचं ते. माझ्या भावांचं मी बघतो."

भावांचं बघणं सोपं गेलं नाही. धाकटे भाऊ संतापले. "आठ वर्सं आमाला उन्हात बसवलं आन् आता दान करतूय!" तात्या त्यांना म्हणाले, "दान न्हाय. मला अक्षर वळखू आलं असतं तर आठ वर्सं लागली नसती. नियम त्या हाफिसात भिंतीवर लावलेला व्हता. मी रोज त्याच्याखाली बसायचो." एवढं बोलून त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. मग भावांनी सह्या केल्या. अंगठा पुसता पुसता तात्या कोंडाबाईंना म्हणाले, "पर एक सांगून ठिवतो. पोरगी रोज ग्येली पायजे. माझं टमाटं आन् तुझं कडवळ जाळून ती चुलीपुढं बसली तर मी गप बसायचा न्हाय."

पाटकऱ्यानं साकवाच्या जागेच्या वरच्या अंगाला फळ्या टाकल्या, फटींत गवत आणि माती भरली. पाणी आलं आणि फळ्यांना भिडलं. खाली आम्ही कोरड्यात काम करत होतो. वर पाणी तुंबलेलं, फळीच्या कडेनं बारीक धार झिरपणारी. गफूरभाई दर थोड्या वेळानं फळीकडे बघत आणि "या अल्ला" म्हणत. वस्तीवरचं इंजिन दिवसभर धडधडत होतं. पाईप फाट्याच्या पोटातून तात्यांच्या रानात गेला होता. कोंडाबाई म्हणाल्या होत्या तशी विहीर खरंच तळाला लागली. थांबायची, भरायची, पुन्हा इंजिन सुरू. तात्यांच्या खालच्या पट्टीला त्या पाण्यानं तारलं. वरची पट्टी जळाली. आवर्तनाच्या शेवटी फळ्या काढल्या तेव्हा पाणी आलं, पण तोवर झाडांनी माना टाकल्या होत्या. वस्तीवरचं कडवळही पिवळं पडलं. कोंडाबाईंनी एक म्हैस भावाकडे नेऊन बांधली.

खांब उभा राहिला. तुळया पडल्या, फरश्या पडल्या. काम पूर्ण झाल्याचा दाखला करताना लोकवाट्याच्या रकान्यात मी मुरूम आणि श्रमदान लिहिलं. पाणी लिहायला जागा नव्हती. लिहिलं असतं तर त्याची किंमत कशी काढली म्हणून शेरा आला असता.

उद्घाटनाला हार, फेटे, भाषणं. वक्त्यांनी सरकारचे आभार मानले, एकमेकांचे मानले. तात्या आले नव्हते. मी मधेच उठून बोलावं असं मला फार वाटत होतं. आदल्या दिवशी त्यांना तसं म्हणालोही होतो, तर ते म्हणाले, "गप बसा सायेब. टेलच्यांनी पाणी सोडलं म्हणून एकदा का बोभाटा झाला, की वरचे पुढच्या टायमाला म्हणतील, तुमाला लागतंय कुठं?" ते बरोबर होतं, म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिलो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मंदा आठवीत बसली आणि तिच्यामागोमाग बाकीच्या मुलीही आल्या. ती पुढे दहावी झाली, नर्सिंगला गेली. तात्यांच्या दहाव्याला बायकांमध्ये ती बसली होती. आम्ही एकमेकांना ओळखलं, बोललो मात्र नाही.

नोकरीत माझ्याकडून राहिलेल्या वाटा पुष्कळ आहेत. काही गावांना मी नुसतं 'बघू' म्हणालो आणि बदली होऊन गेलो. रात्री कधी त्या गावांची नावं आठवतात. तात्यांचं आणि कोंडाबाईंचं देणं मात्र मला जड वाटत नाही, उलट त्याच्यावर टेकून बसल्यासारखं वाटतं. सरकारनं मला पगार दिला. ते काम कशासाठी करायचं हे या दोघांनी दाखवलं.

साकव झाला त्याच वर्षी श्रावणात मी साकवाच्या टोकाचा भराव बघायला गेलो होतो. नवा भराव पावसात खचतो, म्हणून बघावा लागतो. वाकून बघत असताना फरश्यांवर वहाणांचा आवाज आला. तात्या येत होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, आणि चेहरा रागानं लाल.

"तात्या, इकडं कुठं?"

"वस्तीवर. तीन दिस झालं, पोरगी दिसली न्हाय. मी रोज बांधावर असतो. बाकीच्या जात्यात, ही न्हाय." ते थांबलेही नाहीत. "मी सांगितलं व्हतं तिला, गप बसायचा न्हाय म्हणून."

मी त्यांच्यामागे निघालो. त्या मेथीनंतर तात्या पहिल्यांदाच वस्तीवर जात होते. कुत्री भुंकत आली, पोरं गोळा झाली. कोंडाबाईंच्या दारात उभं राहून तात्यांनी छत्री जमिनीवर आपटली.

"कोंडाबाई! पोरगी कुठं हाय?"

कोंडाबाई बाहेर आल्या. हाताला राख होती. त्यांनी तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दारातून बाजूला झाल्या. आत घोंगडीवर मंदा झोपली होती. अंगावर गोधडी, डोक्याला ओलं फडकं, उशाशी भूगोलाचं पुस्तक.

"ताप हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं सुई दिलीया. काल लई व्हता, आज उतरलाय."

तात्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, बसवली."

"तुमचं टमाटं जळताना मी हितनं बघत व्हते तात्या. त्यावर मी पोरगी बसवीन व्हय?"

तात्यांनी वहाणा काढल्या. कोंडाबाईंनी पोतं अंथरलं, ते भिंतीला टेकून बसले.

"चा घेणार का?"

"घेतो की. दूध जरा जास्त घाल. म्हस हितं आणली का परत?"

"आणली."

चहा होईपर्यंत ते मंदाकडे बघत बसले होते. मग तिला विचारलं, "काय बुडलं तीन दिसांत?"

"गणित," मंदा म्हणाली.

"कोण सांगंल?"

"गावातल्या मैत्रिणी येत्यात संध्याकाळी. साकवावरनंच येत्यात."

तात्यांनी बशीतला चहा संपवला, छत्री घेतली, वहाणा घातल्या. दारातून वळून म्हणाले, "घाई करू नगं. ताप पुरता जाऊ दे. पर सोमवारी मी बांधावर असंन."

"व्हय तात्या," मंदा गोधडीतूनच म्हणाली. "सोमवारी येती."